'जेलस' आणि 'एन्व्ही': दोन्हींपुढे 'मत्सर' लिहून भागेल का?

पळसफूल

गावच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द लिहिला जातो. उच्चार, अर्थ, मूळ आणि दोन वाक्यं, एवढीच जागा असते. वाचणारे बहुतेक दहावी-बारावीचे नाहीतर भरतीची तयारी करणारे. या आठवड्यात 'जेलस' आणि 'एन्व्ही' घ्यायचे आहेत. शब्दकोशात दोन्हींपुढे 'मत्सर, हेवा' असा एकच अर्थ दिलाय. तसाच उतरवला तर पोरं विचारणारच, मग इंग्रजांना दोन शब्द काहून लागले?

फरक नेमका काय, शब्द आले कुठून, आणि 'जेलस' व आपलं 'जळणं' एकच आहे असं इकडे सर्रास सांगतात ते खरं का? 'ग्रीन विथ एन्व्ही'मधला हिरवा रंग कुठला, तेही कळलं तर बरं. जाणकारांनी खुलासेवार लिहावं.

जुना_मास्तर

आधी फरक सांगतो. मुळाकडे गेलो की तो का पडला तेही दिसेल.

पोळा डोळ्यांपुढे आणा. तोरणाखाली पहिली जोडी पाटलांची उभी राहते, तो त्यांचा मान. मागे उभ्या असलेल्या एखाद्याला वाटतं, हा मान माझ्या जोडीला का नाही? ही एन्व्ही. दुसऱ्याजवळ आहे, आपल्याजवळ नाही, त्याची सल. आता पाटलांकडे पाहा. मान त्यांच्याजवळच आहे. पण यंदा कोणी नवी, देखणी जोडी घेऊन आला, झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणणाऱ्यांच्याही माना तिकडे वळल्या, आणि पाटलांच्या पोटात गोळा आला, तर ती जेलसी. आपलं आहे ते दुसरा नेईल ही धास्ती. एन्व्हीत हात रिकामा असतो, जेलसीत भरलेला.

पोरांना ओळखायची सोपी रीत द्या: मोजा. एन्व्हीला दोघे पुरतात, मी आणि ज्याच्याजवळ आहे तो. जेलसीला तिघं लागतात: मी, माझं जे आहे ते, आणि ते नेऊ पाहणारा. नवरा, बायको आणि तिसरं माणूस हे नेहमीचं उदाहरण झालं. पण पाळण्यातलं बाळ पाहून थोरलं रुसतं तेव्हाही जेलसीच असते, कारण आईचं सगळं लक्ष आधी त्याचं होतं, आता ते वाटलं गेलं.

'जेलस'चा आणखी एक अर्थ आहे. छोट्या शब्दकोशांत तो राहून जातो आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत नेमका तोच नडतो. तो म्हणजे कसोशीने जपणारा. 'जेलसली गार्डेड' म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखलेलं. धुऱ्यावरचा दगड हलला तर नाही ना, हे नांगरणीआधी आणि पेरणीनंतर जाऊन पाहणारा शेतकरी 'जेलस ऑफ हिज राइट्स' असतो. त्याच्या मनात शेजाऱ्याबद्दल वाईट असेलच असं नाही, त्याला फक्त आपली हद्द जपायची आहे. इथे 'हक्कांचा मत्सर करणारा' असं भाषांतर केलं की वाक्य पार वाया जातं. बायबलच्या दहा आज्ञांत देव स्वतःला 'जेलस गॉड' म्हणवतो (निर्गम 20:5). देवाला कोणाचा हेवा वाटणार? माझ्या माणसांनी मला सोडून दुसऱ्याची पूजा करू नये, असं ते सांगणं आहे. मराठी बायबलात त्यासाठी 'ईर्ष्यावान' हा शब्द येतो.

आता मूळ. हा शब्द इंग्रजीत साधारण 1200च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'झेलोसुस'वरून, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'झेलोस'. झेलोस म्हणजे उत्कट आवेश, चुरस. ग्रीकांना तो सरसकट वाईट वाटत नव्हता. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वकलेवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात दोन भावना शेजारी ठेवून वेगळ्या केल्या आहेत. शेजाऱ्याजवळ आहे म्हणून दुःख, तो 'फ्थोनोस'. आपल्याजवळ नाही म्हणून दुःख, आणि त्या दुःखाने माणूस ते मिळवायला उठतो, तो 'झेलोस'. यातला दुसरा त्याने चांगल्या माणसाला शोभणारा मानला. ग्रीक पुराणांत झेलोस हा देवही आहे, विजयदेवता नायकेचा सख्खा भाऊ. नायके हे नाव पोरांना बुटांवरून ठाऊक असतंच.

हेच लॅटिन विशेषण इंग्रजीत दोनदा शिरलं आहे. एकदा फ्रेंचांच्या तोंडून झिजत आलं ते 'जेलस'. पुढे सोळाव्या शतकात पोथ्यांमधून थेट उचललं ते 'झेलस', म्हणजे कामात जीव ओतणारा, कळकळीचा. 'झील' (आवेश) आणि 'झेलट' (कट्टर आवेशी माणूस) हे त्याच घरातले. एकाच बापाचे दोन लेक, एक बोलीत वाढला, एक पोथीत. म्हणून अर्थही वेगळे पडले. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण 'जेलस'मधली राखण्याची ऊब इथून समजते. जिथे जीव गुंतला आहे तिथेच माणूस जेलस होतो.

'झ'चा 'ज' कसा झाला, हे पोरं विचारतील. त्याला अद्रकचं उदाहरण द्या. संस्कृत शृंगवेर, पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, लॅटिनमध्ये झिंगिबेर, आणि उत्तरकाळच्या लॅटिनमध्ये सुरुवातीचा झ घासून 'जिंजिबेर'. तिथून इंग्रजी जिंजर. लॅटिनच्या त्याच उत्तरकाळात 'झेलोसुस'चा झही असाच घासला गेला. फ्रेंचांचा ज पुढे आणखी मऊ झाला, पण इंग्रजांनी शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून त्यांच्याकडे जुना ठसठशीत ज टिकला.

उच्चार: 'जेवण'मधला ज, 'जर'मधला नव्हे. पुढचा ए आखूड, 'ब्रेड'मधल्यासारखा. शेवटी 'अस' हलकं, 'औस' किंवा 'ऊस' नाही. 'झेलस'चा झ मात्र दातांजवळून घासत काढायचा, 'झाड'मधल्या झच्या जवळचा. स्पेलिंगमध्ये फरक फक्त पहिल्या अक्षराचा, एकात जे, एकात झेड. उतारा घाईने वाचला की 'झेलस वर्कर'चा 'मत्सरी कामगार' होतो. ही चूक वारंवार होते.

वऱ्हाडीबोली

मास्तर, पोळ्याचं उदाहरण लय बराबर बसलं. पोरायले समजाले आपली बोली बी कामी येते, थे जोडतो.

आपल्या इकडं कोनाच्या वावरात पऱ्हाटी चांगली फुटली, कोनाच्या बोअरले पानी लागलं, तं बाजूच्याच्या 'पोटात दुखते' नाईतं 'डोयात खुपते'. हे दोनी वाक्यं एन्व्हीचेच हायेत. दुसऱ्याचं चांगलं पाहून त्रास. पन नवरा-बायकोतली जेलसी असली तं कोनी 'मत्सर' म्हनत नाई. तिथं 'शक' येते, 'वहीम' येते. 'थो बायकोवर शक घेते', असंच म्हनतेत. म्हनून फळ्यावर जेलसपुढं निस्तं 'मत्सर' लेहू नका, 'संशय' लेहाच लागते.

'जयते' हा शब्द मात्र दोन्हीकडं चालते. आपल्या बोलीत ळचा य होते, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसं जळतेचं जयते. खाली झाडीकडं गेलं तं तोच ळ र होते अन् डोळ्याचा डोरा होते. शब्द तोच, गाव बदललं का तोंड बदलते.

अन् 'हेवा' जरा नरम हाये. 'तुमचा हेवा वाटते बाप्पा' असं तोंडावर म्हनता येते, समोरचा खुश होते. 'तुमचा मत्सर वाटते' असं तोंडावर कोनी म्हनत नाई. इंग्रजीतलं 'आय एन्व्ही यू' असंच तोंडावर म्हनाचं वाक्य हाये, त्याले हेवाच बसते.

पळसफूल

मास्तर, भाऊ, दोघांचेही आभार. 'जळणं' मात्र राहिलं. 'जयते' आणि 'जेलस' म्हणायला इतके जवळ आहेत की नाही म्हटलं तरी पोरांना पटत नाही. पुरावा कोणता द्यायचा?

अमरपाठी

दोघांचा काही संबंध नाही. पटवायची रीत अशी: आजचे शब्द शेजारी ठेवू नका, त्यांची जुनी रूपं ठेवा. आपलं 'जळणे' मागे नेलं तर प्राकृतात 'जलइ', संस्कृतात 'ज्वलति', धातू ज्वल्. 'ज्वाला', 'ज्वलन' त्याचेच. 'जेलस' मागे नेला तर ज उरतच नाही, झेलोसुस, झेलोस. एकाचा ज 'ज्व'तून आला, दुसऱ्याचा 'झ'तून. आणि एक जळण्याचा, दुसरा आवेशाचा. दोन वेगळ्या गावांहून निघालेल्या पांदणी एका फाट्यावर भेटल्या, म्हणून गाव एक होत नाही.

खरं नातं दुसऱ्या शब्दात आहे आणि ते फळ्यावर यायलाच हवं. 'एन्व्ही' तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच 'आँव्ही'वरून आला, ते लॅटिन 'इन्विदिया'वरून. त्याचं क्रियापद 'इन्विदेरे': 'इन' म्हणजे वर, 'विदेरे' म्हणजे पाहणे. कोणावर वाईट नजर टाकणे. म्हणजे आपली 'नजर लागणे', 'दिठ लागणे' ही कल्पना या इंग्रजी शब्दाच्या पोटात जशीच्या तशी बसली आहे. 'व्हिडिओ', 'व्हिजन' त्याच विदेरेचे. आणि विदेरेचा मूळ धातू तोच, जो संस्कृतात विद् म्हणून आहे. त्यापासून वेद, विद्या, विद्वान. लॅटिनने 'पाहणे' धरून ठेवलं, संस्कृतने 'जाणणे'. 'विद्या' आणि 'एन्व्ही' लांबचे भाऊबंद आहेत, हे पोरं विसरणार नाहीत.

इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यात शुद्धिलोकाच्या, म्हणजे मेल्यावर पापं धुवायच्या जागेच्या, दुसऱ्या पायरीवर मत्सरी माणसांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. पाप डोळ्यांचं, म्हणून शिक्षा डोळ्यांना. शब्दाचं मूळ माहीत असेल तर हे चित्र लगेच उकलतं.

नजरेचा धागा 'जेलस'कडेही आहे, पण वेगळ्या रीतीने. फ्रेंचमध्ये तिरप्या आडव्या पट्ट्यांच्या खिडकीला 'जालूझी' म्हणतात, शब्दशः जेलसी. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं माणूस दिसू नये, म्हणून ते नाव. इंग्रजीतही अशा खिडकीला हाच शब्द आहे.

आता आपले शब्द, कारण 'मत्सर'ची कहाणी झेलोसशी विलक्षण जुळते. ऋग्वेदात 'मत्सर' हे सोमाचं विशेषण आहे, आणि तिथे अर्थ हर्षवणारा, मद आणणारा. धातू मद्. वाईट अर्थ नंतरचा. षड्रिपूंत मद आणि मत्सर शेजारी बसतात ते एकाच धातूतून आलेले. ग्रीकांचा आवेश आणि आपला हर्ष, दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी द्वेषाकडे घसरले.

'असूया' आणखी नेमकी. अमरकोश म्हणतो, 'असूया तु दोषारोपो गुणेष्वपि'. गुण दिसत असतानाही त्यात दोष काढणे. शेजाऱ्याच्या संत्र्याला बहर चांगला आला की 'औषधं मारून आणला असेल' म्हणणं, ही असूया. इंग्रजीत यासाठी नेमका एक शब्द नाही. जिच्यात हा दोष नाही ती अनसूया, अत्रिऋषींची पत्नी. यवतमाळ, वाशीमकडची माणसं माहूरला रेणुकेला जातात तेव्हा दत्तशिखरासोबत अनसूयेच्या शिखरावरही जातात, नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तिथून समजावायला सुरुवात केली तर काम सोपं.

रातराणी

जुना_मास्तर सरांनी मांडलेला फरक बरोबर आहे, पण तो दगडावरची रेघ म्हणून देऊ नका. आजच्या इंग्रजीत मैत्रीण फिरायला गेल्याचे फोटो पाहून लोक 'आय ॲम सो जेलस' म्हणतात. तिघांचा हिशोब लावला तर तिथे एन्व्हीच हवी. तरीही ते वाक्य चूक नाही, हा वापर शेकडो वर्षांपासूनचा आहे. परीक्षेपुरता नियम असा ठेवा: 'एन्व्हियस'च्या जागी 'जेलस' बहुतेक ठिकाणी चालतं, उलटं चालत नाही. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याला 'एन्व्हियस हजबंड' म्हणता येत नाही.

फळ्यासाठी सर्वात गरजेचं व्याकरण आहे, कारण मार्क तिथे जातात. 'जेलस' विशेषण आहे, क्रियापद नाही. 'ही जेलसेस मी', 'डोन्ट जेलस' ही वाक्यं चूक. 'ही इज जेलस ऑफ मी', 'डोन्ट बी जेलस' बरोबर. 'आय ॲम जेलसी' हीदेखील नेहमीची चूक, जेलसी नाम आहे. दुसरी गडबड शब्दयोगी अव्ययाची. मराठीत 'माझ्यावर जळतो' म्हणतो, म्हणून पोरं 'जेलस ऑन मी' लिहितात. 'वर' सोडून 'ऑफ' घ्यावं लागतं. 'एन्व्ही' मात्र क्रियापदही आहे आणि त्याला काहीच लागत नाही: 'आय एन्व्ही हिम'. मराठीत 'त्याचा हेवा' असल्यामुळे 'एन्व्ही ऑफ हिम' लिहिलं जातं, तिथे मार्क कापले जातात. 'एन्व्हियस' झालं की 'ऑफ' परत येतं. 'एन्व्हिएबल' हा चांगल्या अर्थाचा शब्द आहे, हेवा वाटावा असा. 'इन्विडियस' त्याच इन्विदियातून आला, पण आज त्याचा अर्थ मत्सरी नाही, लोकांत कटुता पेरणारा, असा आहे.

हिरव्या रंगाचं. शेक्सपिअरने डोळे हिरवे केले ते जेलसीचे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये (सुमारे 1596-97) 'ग्रीन-आइड जेलसी' येते, आणि 'ऑथेल्लो'त (सुमारे 1603-04) इयागो हा खलनायक तिला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो, जो आपल्याच भक्ष्याची थट्टा करत ते खातो. अभ्यासकांना तिथे उंदराला खेळवणारी मांजर दिसते. 'ग्रीन विथ एन्व्ही'मधला हिरवा वेगळा, तो चेहऱ्याचा: आजारी माणसाचा फिकट, हिरवट पडलेला वर्ण. दोन्ही हिरवे एकत्र करू नका.

आणि मराठीत 'तो हेव्याने हिरवा झाला' असं लिहू नका. आपल्याकडे हिरवा म्हणजे कच्चा, कोवळा, ताजा, आणि 'हिरवट म्हातारा' म्हणजे भलतंच. आपला मत्सर जळतो, तडफडतो, जळून काळाठिक्कर पडतो. 'ग्रीन-आइड'ला 'घाऱ्या डोळ्यांचा' जास्त जवळचं, मांजरही त्यात आलं.

'ऑथेल्लो'चा आणखी एक उपयोग. दोन्ही भावना त्या एका नाटकात वेगळ्या माणसांत आहेत. कॅसिओला वरची जागा मिळाली, ती आपल्याला हवी होती, हे इयागोचं दुखणं: एन्व्ही. बायको देस्देमोना आपली, ती कॅसिओची होतेय या भ्रमाने ऑथेल्लो पेटतो: जेलसी. पुरावा म्हणून एक रुमाल पुरतो. पहिल्याची एन्व्ही दुसऱ्याच्या मनात जेलसी पेरते, यावर अख्खं नाटक उभं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते 1890मध्ये 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं. त्यांचंच 1916चं 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या 1761च्या इंग्रजी नाटकावरून बेतलेलं. तिथे विषय नवरा-बायकोची जेलसी आहे आणि देवलांनी नावात 'मत्सर' नाही, 'संशय' घातला. वऱ्हाडीबोली भाऊंनी सांगितलं तेच देवलांनी केलं आहे.

पळसफूल

सगळ्यांचं वाचून कच्चं लिहिलंय. तपासून द्या.

जेलस (विशेषण): आपलं आहे ते दुसरा नेईल या धास्तीने अस्वस्थ, संशयी, कसोशीने जपणारा. ग्रीक झेलोस, आवेश. वाक्य: 'ही इज जेलस ऑफ हिज ब्रदर.'

एन्व्ही (नाम, क्रियापद): दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही याची सल, हेवा. लॅटिन इन्विदेरे, वाईट नजर टाकणे. आपल्या 'विद्या'चा दूरचा भाऊबंद. वाक्य: 'शी एन्व्हीज ऑफ हर नेबर्स वेल.'

जुना_मास्तर

अर्थ आणि मूळ चोख. वाक्यं दोन्ही बदला.

पहिल्यात व्याकरण बरोबर आहे, पण भावाचा हेवाही निघतो आणि संशयही. अर्थ वाक्यातूनच कळला पाहिजे. 'द चाइल्ड इज जेलस ऑफ द न्यू बेबी' घ्या, पाळण्याचं चित्र लगेच उभं राहतं. दुसऱ्यात तेच झालं जे रातराणी ताईंनी सांगितलं होतं, 'एन्व्हीज'नंतर 'ऑफ' घुसलं. 'शी एन्व्हीज हर नेबर' एवढंच ठेवा. विहीर घालायचीच असेल तर 'शी एन्व्हीज हर नेबर हर वेल' असं मधे काहीही न घालता दोन नामं ठेवून लिहिता येतं, पण शाळेतल्या पोरांना ते अडखळवेल. बारावीच्यांसाठी ठीक.

आणि 'जेलस'च्या 'ऑफ'खाली रंगीत खडूने रेघ मारा. जागा उरली तर कोपऱ्यात शृंगवेर ते जिंजर लिहा, झ-जचा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल.

वऱ्हाडीबोली

अन् हेव्याच्या बाजूले 'पोटात दुखते' बी लेहा. फळा आपल्याच गावचा हाये.